समन्वयकाचा पगार म्हणजे वरखर्च नव्हे

सामाजिक संस्थेचा प्रस्ताव देणगीदाराच्या टेबलावर गेला की चर्चा ठरलेल्या जागी अडते. दप्तरं किती, टॅब किती, शिलाई मशीन किती, यावर फारसा वाद होत नाही. त्याखाली एक ओळ असते: प्रकल्प समन्वयक, एक, दरमहा अमुक रुपये. तिथे पेन थांबतं. ‘ही रक्कम जरा जास्त वाटते. अर्धवेळ माणूस चालणार नाही का? तुमच्याच एखाद्या वरिष्ठ ताई हे बघू शकणार नाहीत का?’ निधी हातचा जाऊ नये म्हणून संस्था ती रक्कम अर्धी करून देते. काही संस्था ती ओळच गाळतात आणि तोच पैसा प्रवास, प्रशिक्षण, स्टेशनरी अशा ओळींत विखरून टाकतात. मग वर्षभर हिशेबनीस आणि समन्वयक दोघेही त्या विखुरलेल्या पैशांची जुळवाजुळव करत बसतात.

त्या ओळीतली काटछाट ही सेवेतलीच काटछाट असते, हे मला ठामपणे सांगायचं आहे. वस्तीत, पाड्यावर, गावात जो कार्यक्रम चालतो, त्याचा दर्जा समन्वयकाच्या हातात असतो. तो माणूस अर्धवेळ केला, अकरा महिन्यांच्या करारावर ठेवला, किंवा एकाच वेळी चार प्रकल्पांत वाटून टाकला, की कार्यक्रम कागदावर तसाच राहतो आणि प्रत्यक्षात पोकळ होतो. हे मी वस्तीपातळीवरच्या कामात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

समन्वयक नेमकं करतो काय, हे बाहेरच्यांना दिसत नाही, म्हणून आधी तेच सांगते. पुण्यातल्या एखाद्या वस्तीत संस्थेची संध्याकाळची अभ्यासिका चालते. शिकवणारी ताई त्याच वस्तीतली, बारावी झालेली. हजेरीपटावर महिनाभर रोज पंचवीस मुलं, सगळ्या खुणा एकाच शाईच्या, एकाच दाबाच्या. अनुभवी समन्वयकाला पट उघडताच कळतं की हा एका बैठकीत भरलेला आहे. ती ताईला जाब विचारत नाही. सतरंजीवर मुलांबरोबर बसते, प्रत्येकाचं नाव विचारते, पाटीवर काय लिहिता येतं ते बघते. मुलं जेमतेम सोळा निघतात. बाकीची बांधकामावरच्या मजुरांची होती. साइट संपली, कुटुंबं हिंजवडीकडे गेली. ताईला हे सांगायची भीती वाटत होती, कारण वीसच्या खाली पट गेला तर वर्ग बंद होतो असं तिनं ऐकलं होतं. मानधन गेलं असतं आणि उरलेल्या सोळा मुलांची अभ्यासिकाही गेली असती.

आता इथे तीन निर्णय घ्यायचे असतात. खोट्या हजेरीचं काय करायचं? ताईला कसं सांभाळायचं? आणि वीसचं उद्दिष्ट त्या वस्तीला लागू होतं का, हे देणगीदाराला कोणत्या शब्दांत सांगायचं? जी समन्वयक महिन्यातून एकदा धावतपळत येते, ती पटावर सही करून निघून जाते. जिला वेळ आहे, वस्तीची ओळख आहे आणि वरती बोलायची मुभा आहे, तीच हे तीन निर्णय घेऊ शकते. तिच्या त्या संध्याकाळची नोंद कोणत्याही अहवालात ‘लाभार्थी’ या रकान्यात येत नाही.

दुसरा प्रसंग याहून कठीण असतो आणि किशोरी गट चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर तो कधी ना कधी येतोच. गटातली मुलगी ताईला सांगते की घरातलाच कुणीतरी तिला त्रास देतो. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा. त्याच्या कलम 19 नुसार अशी माहिती असलेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवावीच लागते. न कळवणं हा गुन्हा आहे. पण ताई त्याच गल्लीत राहते. आरोपीचं घर तिच्या दारासमोर आहे. तिच्या नवऱ्याला रात्री कुणी गाठेल, याची तिला धास्ती आहे. मुलीची आई गप्प राहा म्हणून हात जोडते आहे. त्या रात्री फोन जातो तो समन्वयकाला. पोलीस ठाण्यात मुलीबरोबर कोण जाणार, तिला पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागू नये हे कोण बघणार, पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवलं की नाही याचा पाठपुरावा कोण करणार, आणि ताईला काही दिवस त्या गल्लीत एकटं पडू कोण देणार नाही? या सगळ्याचं उत्तर एकच माणूस असतं. तो माणूस नेमायला पैसे नसतील, तर किशोरी गट चालवूच नये. मुलीला बोलायला शिकवायचं आणि ती बोलल्यावर तिच्यामागे उभं राहायला कुणीच नसायचं, हा तिच्यावर केलेला दुसरा अन्याय आहे.

वस्तीतला हा अनुभव मोठ्या प्रमाणावरच्या पुराव्यांशीही जुळतो. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचं नवजात बालकांचं काम महाराष्ट्राला माहीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर उपचारही केले. 1993 ते 95 मध्ये त्या गावांत दर हजार जन्मांमागे 62 नवजात बालकं दगावत होती. 1997-98 मध्ये हे प्रमाण 25.5 वर आलं. हे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि जगभर गेले. या कहाणीतून आपण आरोग्यदूत बाई लक्षात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यामागची रचना मात्र विसरतो. दर पंधरवड्याला प्रशिक्षित माणूस त्या गावात जात होता, तिच्या नोंदी तपासत होता, बाळ बघत होता, तिला चुकलेलं पुन्हा शिकवत होता. बाईच्या हातातलं कौशल्य या भेटींनी टिकलं.

पुढे हेच काम आशांमार्फत, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत, देशभर नेलं गेलं. बाळाच्या पहिल्या 42 दिवसांत ठरावीक गृहभेटी आणि त्या पूर्ण झाल्या की आशाला 250 रुपये, अशी ती योजना. भेटी आल्या, फॉर्म आले, वजनकाटेही आले. आशांच्या मागे उभं राहायचं काम महाराष्ट्रात गटप्रवर्तकांकडे आहे. साधारण वीस-पंचवीस आशांमागे एक गटप्रवर्तक. या बहुतेक पदवीधर बाया. त्यांना मिळणारी रक्कम मुळात प्रवासभत्त्याच्या हिशेबात बसवलेली, म्हणजे फिरल्या तर पैसे. आजारी पडल्या, बाळंतपण आलं, पुरानं रस्ता तुटला तर पैसे नाहीत. आपल्याला कर्मचारी म्हणून मान्य करा म्हणून त्या वर्षानुवर्षं आशांबरोबर रस्त्यावर उतरत आल्या आहेत. देखरेखीचं काम हे काम आहे, एवढंही सरकारनं धड मानलेलं नाही. स्वयंसेवी संस्थांना नावं ठेवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं, कारण समन्वयकाला फुकटात धरायची सवय दोन्हीकडे सारखीच आहे.

शिक्षणातलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. ‘प्रथम’ ही संस्था नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाली. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना जे येतं त्या पातळीप्रमाणे गट करून शिकवायचं, ही तिची पद्धत. ती सरकारी शाळांत नेताना बिहार आणि उत्तराखंडमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं. शाळेच्या नेहमीच्या दिवसांत त्याचा जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. त्याच बिहारमध्ये 2008 च्या उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनीच शिकवलं तेव्हा मुलं पुढे गेली. म्हणजे शिक्षकांना येत नव्हतं असं नव्हे. मग 2012-13 मध्ये हरियाणात दोन गोष्टी बदलल्या. या कामासाठी रोजचा एक तास राखून ठेवला, आणि शाळांना भेटी देणाऱ्या सरकारी समन्वयकांना आधी स्वतः काही दिवस वर्गात मुलांना शिकवायला लावलं. त्यानंतर ते शिक्षकांना काय सांगतात यात वजन आलं, आणि हिंदी वाचनात मुलांची स्पष्ट प्रगती दिसली. पद्धत तीच, पुस्तकं तीच. वेळ राखून ठेवला आणि मधला माणूस तयार केला म्हणून ती चालली.

मग हा माणूस पैशांच्या तक्त्यात नकोसा का होतो? याची एक कारणमीमांसा कायद्यांभोवती फिरते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. या पैशातला सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात येतो. नियमांत प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाच्या खर्चासाठी आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही, हे व्याख्येतच स्पष्ट आहे. तरीही अंदाजपत्रकाच्या बैठकीत ‘आम्ही 5 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही’ हे वाक्य संस्थांना ऐकवलं जातं. समोरच्या माणसानं नियम वाचलेला नसतो आणि संस्थेची त्याला तो दाखवायची छाती होत नाही.

मुदतीचंही तसंच. कायदा चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं देतो. तरी करार वर्षाचे होतात, तेही जुलै-ऑगस्टपर्यंत लांबतात, पहिला हप्ता दिवाळीच्या आसपास येतो आणि मार्चमध्ये सगळं संपवा म्हणून घाई सुटते. वस्तीत ओळख व्हायलाच सहा महिने लागतात. ज्या समन्वयकाला मार्चनंतर आपली नोकरी आहे की नाही हे ठाऊक नाही, ती फेब्रुवारीत दुसरीकडे अर्ज करणार. यात तिचा काय दोष? तिच्याबरोबर वस्तीतल्या दोनशे घरांची ओळख निघून जाते. नवी येते ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते, आणि घराघरांतून तिला एकच प्रश्न येतो: ‘आधीच्या ताई कुठे गेल्या?’

परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. मोठ्या शहरी संस्थांकडून तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या संस्थांना जो आधार मिळत होता, तो त्या दुरुस्तीनं बंद झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार कामाचा खर्च म्हणून सहज मान्य होतो. पण आठ वस्त्या सांभाळणाऱ्या समन्वयकाचा पगार कुठे धरायचा, तिच्या फिरण्याचा आणि अहवाल लिहिण्याचा खर्च कुठे टाकायचा, यावर ऑडिटच्या वेळी दरवर्षी डोकेफोड होते.

सगळा दोष कायद्यावर टाकणं मात्र सोयीचं होईल. आपल्या समाजाच्या मनातही सामाजिक कामाबद्दल एक चित्र घट्ट बसलेलं आहे, आणि ते महाराष्ट्रात तर फारच घट्ट. बाबा आमट्यांचं आनंदवन 1949 चं, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांचं जामखेडचं ग्रामीण आरोग्याचं काम 1970 चं. ही माणसं आयुष्यच घेऊन तिथे गेली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण त्यांच्या त्यागाची फूटपट्टी घेऊन आपण नाशिकमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या, लहान मूल आणि म्हातारे सासू-सासरे असलेल्या समन्वयकाला मोजतो, तेव्हा आपण त्यागाचाही अपमान करतो आणि तिचाही. स्वतः घेतलेलं व्रत ही एक गोष्ट. दुसऱ्याकडून कमी पैशांत काम करून घेऊन त्याला सेवा म्हणणं ही वेगळी गोष्ट. शिवाय जामखेडचं काम टिकलं त्यामागे गावोगावच्या अल्पशिक्षित स्त्रियांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा एकत्र बोलावून शिकवत राहण्याची शिस्त होती. तोही देखरेखीचाच खर्च. तिथे तो संस्थापकांनी स्वतःच्या आयुष्यातून भरला, म्हणून ताळेबंदात दिसला नाही.

याला एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीर आहे. संस्थांच्या नावाखाली गाड्या, परिषदा, हॉटेलं यांवर पैसा उडवणारे लोक आहेत. घरातलीच माणसं विश्वस्त आणि घरातलीच माणसं पगारी, अशाही संस्था आहेत. देणगीदारानं हात आखडता घेऊ नये तर काय करावं? माझं उत्तर असं की टक्केवारीनं हे लोक सापडत नाहीत. खोटं लिहायला निर्ढावलेला माणूस ‘प्रशासकीय खर्च 3 टक्के’ असं बिनदिक्कत लिहून देतो. अडचण होते ती खरं लिहिणाऱ्याची. चोर पकडायचा असेल तर प्रश्न बदलावे लागतील. एका समन्वयकाकडे किती कार्यकर्त्या आहेत? ती प्रत्येकीकडे महिन्यातून किती वेळा जाते? गेल्या वर्षभरात कार्यक्रमात काय बदललं आणि कुणाच्या सांगण्यावरून बदललं? मागच्या तीन वर्षांत किती समन्वयक सोडून गेले? या चार प्रश्नांची उत्तरं समोरासमोर बसून मागितली तर तासाभरात संस्थेचं खरं रूप कळतं.

संस्थांच्या आतही बोलायला हवं. कार्यक्रमाची जबाबदारी दिली म्हणतात आणि पाचशे रुपयांच्या व्हाउचरवर सही संस्थापकांचीच लागते. ताई नेमायची कुणाला, वर्ग बंद करायचा की नाही, देणगीदाराला ‘हे उद्दिष्ट चुकीचं आहे’ असं कळवायचं की नाही, हे सगळं वरून ठरतं. विश्वस्तांच्या बैठकीत समन्वयक पीपीटी दाखवते, चहा येतो, ती बाहेर जाते आणि मग निर्णय होतात. अशी माणसं दोन-तीन वर्षांत निघून जातात आणि ‘आजकालच्या पिढीला बांधिलकी नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. बांधिलकी होती, अधिकार नव्हता. संस्थापक सत्तरीला टेकले की ‘दुसरी फळी’ हा विषय अचानक निघतो. ती फळी रोजच्या निर्णयांतून घडते, निरोपसमारंभाच्या आदल्या वर्षी घडवता येत नाही. अधिकार द्यायचा तर रक्कम ठरवून द्यावी, तेवढ्यापुरता हिशेब तिनं द्यावा, आणि तिचा निर्णय आपल्याला पटला नाही तरी पाळावा.

देणगीदारांकडून माझी मागणी तीन वर्षांच्या लेखी कराराची आहे, आणि समन्वयकाचा पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा आणि प्रवास हे त्यात कार्यक्रमाचा खर्च म्हणून धरण्याची. हे मोठ्या कंपन्यांना सहज शक्य आहे. व्यक्तिगत देणगी देणाऱ्यांनाही आहे. आईच्या स्मरणार्थ आपण एका दिवसाचं जेवण देतो, मुलाच्या वाढदिवसाला वह्या देतो; पुण्या-मुंबईतली आणि परदेशातली मराठी कुटुंबं यात कुठेही कमी नाहीत. त्यातलीच दहा कुटुंबं एकत्र येऊन एका समन्वयकाचा तीन वर्षांचा पगार उचलू शकतात. फोटो काढण्यासारखं त्यात काही नसेल, पण पटावरची सोळा मुलं खरी असतील.

आणि समन्वयक आणायचे कुठून? एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झालेल्यांना माझा विरोध नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, निर्मला निकेतन, कर्वे समाजसेवा संस्था यांतून आलेल्या अनेकांनी महाराष्ट्रात उत्तम काम उभं केलं आहे. पण जाहिरातीत ‘एमएसडब्ल्यू, इंग्रजी उत्तम’ असं लिहिलं की वस्तीतली दहा वर्षं काम केलेली ताई अर्जच करत नाही. तिला घर न् घर माहीत असतं, पोलीस ठाण्यातले चेहरे माहीत असतात, रेशन दुकानदाराशी कसं बोलायचं ते माहीत असतं. तिला येत नाही ते एक्सेल आणि इंग्रजीतला ईमेल. यातलं शिकवण्याजोगं काय आहे, हे उघड आहे. मुक्त विद्यापीठातून पदवी करायला तिला फी द्यावी, परीक्षेच्या दिवसांत पगारी रजा द्यावी, वर्षभर एका जुन्या समन्वयकाबरोबर फिरू द्यावं आणि त्या काळात तिच्या जागी वर्गावर दुसऱ्या ताईची नेमणूक करावी. अहवाल मराठीत लिहिले तर ते इंग्रजीत करून घ्यायची जबाबदारी कार्यालयानं घ्यावी. या सगळ्याला पैसे लागतात, आणि ते प्रस्तावात त्याच नावानं, पूर्ण आकड्यानिशी लिहायला संस्थांनी लाजू नये.